ही इज मोतीराम

मोतीराम पगारे सरांवर बावीस वर्षांत वर्गात इंग्रजी बोलायची वेळ आली नव्हती. तरीही नाशकात इंग्रजीचे सर म्हटलं की लोक त्यांच्याच घराकडे बोट दाखवत. सरांचं इंग्रजी लोखंडी होतं. कुठलंही वाक्य द्या, सर डोळे मिटून त्याचं कर्मणी करून देत, आणि वाक्य परत कर्तरी व्हायला धजत नसे. वर्गात त्यांची स्वतःची इंग्रजी वाक्यं मात्र दोनच, 'सायलेन्स' आणि 'गेट आऊट'. बाकीचं सगळं इंग्रजी ते मराठीतून शिकवत. "द काऊ म्हणजे ती गाय. ईट्स म्हणजे खाते. काय खाते? ग्रास. का खाते ते परीक्षेला येत नाही, पुढं चला."

सत्त्याहत्तर साली मुंबईहून शाळाशाळांना एक पत्र आलं. इंग्रजी यापुढे इंग्रजीतूनच शिकवायचं. वर्गात लागणारी रोजची साधी वाक्यं शिक्षकानं इंग्रजीत बोलायची, आणि ती कशी बोलायची हे शिकायला शाळेनं एक माणूस महिनाभर मुंबईला धाडायचा. हेडमास्तरांनी पत्र पगारे सरांपुढे ठेवलं. सरांनी ते दोन बोटांनी परत सरकवलं. म्हणाले, "मला काय शिकवणार ते? उभं राहा नि बसा?"

तेच पत्र नगरपालिकेच्या शाळेतही गेलं. तिथं कुणालाच जायचं नव्हतं, म्हणून सगळ्यांत गरीब स्वभावाच्या बाईंचं नाव पुढे ढकललं गेलं. त्या बाई म्हणजे विमलाबाई पगारे, सरांच्याच घरच्या. सरांनी स्वतः त्यांना गाडीत बसवून दिलं आणि खिडकीतून धीर दिला, "घाबरू नको. काही विचारलं तर यस म्हणायचं. लांबलचक विचारलं तर यस सर."

महिन्यानं विमलाबाई परत आल्या. बरोबर एक निळी वही होती, आणि वहीत एकशे आठ वाक्यं. लिसन टू मी. रिपीट आफ्टर मी. ऑल टुगेदर. वन्स अगेन. हूज टर्न इज इट? वाक्यं अशी की पाचवीतल्या पोरालाही त्यात कठीण काही सापडू नये. सरांनी रात्रीचं जेवण व्हायच्या आधीच वही मागून घेतली, लाल पेन काढलं आणि चुका शोधायला बसले. पहिल्या पानावर चूक नाही. दहाव्या पानावर नाही. शेवटच्या पानावर त्यांनी एका पूर्णविरामाभोवती लाल गोल केला, कारण तो त्यांना जरा मोठा वाटला.

तिथून सरांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओव्यानं थांबणारं नव्हतं.

कारण विमलाबाईंची वाक्यं वर्गाच्या भिंतीत मावेनात. नगरपालिकेच्या शाळेची पोरं गल्लीत इंग्रजीत भांडायला लागली. नळावर बायकांची रोज जुंपायची, तिथं विमलाबाई एकदा नुसतं "वन बाय वन, प्लीज" म्हणाल्या, आणि पुढचे चार महिने त्या नळावर एक घागर फुटली नाही. कुंभार विचारायला आला की वस्तीतली माणसं गाव सोडून गेली की काय. शेजारच्या कलाबाईंचा कोंबडा पहाटे आरवला की विमलाबाई झोपेतच "वन्स अगेन" म्हणत, आणि तो कोंबडा दुसऱ्यांदा आरवे. हे सरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी उशीत तोंड घालून हळूच "सायलेन्स" म्हणून पाहिलं. कोंबड्यानं ओळखसुद्धा दाखवली नाही.

बाजारात तर कहर झाला. मखमलाबादकडून फुलं घेऊन येणारी नवसाबाई माळीण, जिच्या लेकाला, दाजीबाला, सरांनी दोनदा नापास आणि एकदा पास केलेलं, ती सरांना ओलांडून विमलाबाईंना म्हणाली, "गुड मॉर्निंग बाई! निशिगंध घ्या की. आमचा दाजीबा म्हनतो, खरं इंग्लिश पगारे बाईंचं."

"आणि माझं?" सर म्हणाले.

"तुमचं लिवायचं वो, सर," नवसाबाई समजूत घालत म्हणाली. "त्ये बी लागतंच की."

सरांनी दुसऱ्याच दिवशी नववीच्या वर्गात प्रयोग केला. न्हाणीघरात पाणी तापेपर्यंत घोकलेलं वाक्य त्यांनी मागच्या बाकावरच्या चंदरवर टाकलं, "चंदर, कम टू द बोर्ड!"

चंदर पांढराफटक पडला. "सर, एवढ्यात? मला अजून दहावीत जायचंय."

"अरे, कम टू द बोर्ड!"

"सर, बोर्डाचा फॉर्म भरला नाही अजून. बापाला आणू का?"

अख्ख्या वर्गानं बोर्डाची परीक्षा लवकर आली असं धरलं. दोन पोरी रडल्या. मधल्या सुट्टीत पाच पालक फाटकावर हजर. शेवटी सरांनी मराठीत "फळ्याकडे ये, गाढवा" असं सांगितलं तेव्हा वर्गाला हायसं वाटलं. संध्याकाळी हे विमलाबाईंच्या कानावर गेलं. त्या हसल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "अहो, हातानं फळा दाखवत म्हणायचं असतं ते. वहीत कंसात लिहिलंय." न हसणं सरांना जास्त लागलं.

आणि मग ती यादी आली. नाशकातच दहा दिवसांचा वर्ग भरणार होता, जिल्ह्यातले चाळीस इंग्रजीचे शिक्षक शिकायला बसणार. शिकणाऱ्यांच्या यादीत सतरावं नाव होतं मोतीराम पगारे. शिकवणाऱ्यांच्या यादीत एकच नाव होतं. शेवटच्या दिवशी मुंबईचे मोठे साहेब येऊन बाईंचा पाठ बघणार आणि त्यांना सबंध जिल्ह्याच्या मार्गदर्शक म्हणून नेमायचं की नाही ते ठरवणार. नेमलं तर बाई आज सटाणा, उद्या नांदगाव, परवा हरसूल अशा जीपमधून फिरणार. आणि जिल्ह्यात पगारे म्हटलं की लोक विचारणार, कोणते? बाईंचे ते?

सर हेडमास्तरांकडे गेले. "मी नाही जाणार. बायकोपुढं बाकावर बसू?"

"मागच्या खेपेला तुम्ही गेला असता, पगारे, तर आज त्या तुमच्यापुढं बसल्या असत्या," हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी सुट्टीचा अर्ज दोन बोटांनी परत सरकवला.

वर्ग भरला. सरांच्या एका बाजूला नांदगावचे कारभारी सर, कुणाचीही कळ काढण्यात हुशार. दुसऱ्या बाजूला हरसूलहून आलेले यादव सर, गरीब माणूस, विचारलं तेवढंच बोलणारा. विमलाबाई समोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी हजेरी उलटी धरलेली सरांनी पाहिली आणि सरांना जरा बरं वाटलं. मग बाईंनी तोंड उघडलं, आणि बरं वाटणं संपलं. चाळीस मिशीवाले मास्तर "गुड मॉर्निंग, टीचर" म्हणत उठले, बसले, ओपन युअर बुक्स म्हटलं की पुस्तकं उघडली, क्लोज म्हटलं की मिटली. सरांच्या मनात एकच विचार टोचत राहिला. आठव्या दिवशी "एनी क्वेश्चन्स?" आलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

"बाई, एक शंका. 'स्टँड अप' म्हणजे ऊठ की उठा?"

वर्गात खसखस पिकली. कारभारी सरांनी बाकाखाली पाय आपटला. विमलाबाईंनी खडू खाली ठेवला.

"इंग्रजीत उठणारा लहानमोठा नसतो, सर," त्या शांतपणे म्हणाल्या. "मान द्यायचा तो 'प्लीज'मध्ये. तुमच्यासाठी दोन घालू का?"

चाळीसातले एकोणचाळीस हसले. सरांचे कान तापले. पण त्या दिवशी कारभारी सरांनी चहाच्या वेळी एक गोष्ट त्यांच्या कानात सोडली, आणि ती कानातून पोटात जाऊन तिथल्या दुखण्याला शेक द्यायला लागली.

"पगारे सर, एक पाहिलंत का? बाई सगळ्यांना नावानं हाका मारतात. कारभारी, कम हिअर. यादव, रीड. तुमची पाळी आली की 'रोल नंबर सतरा'. नाहीतर 'यू, प्लीज'. तुमचं नाव काय नगरपालिकेनं जप्त केलंय?"

सरांनी पाहिलं नव्हतं, कारण ते अठरा वर्षं तसंच होतं. विमलाबाईंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलेलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, यावर त्यांचा विश्वास होता असं नाही. वस्तीतल्या सभेत त्याविरुद्ध त्या स्वतः बोलल्या होत्या. पण जिभेला सभा कळत नाही. त्या नावाला त्यांच्या जिभेवर कधी पायवाटच पडली नव्हती. शेजारच्या कुत्र्याचं नाव मोती, तर त्या त्याला 'अरे पांढऱ्या' म्हणत. कुत्रं तपकिरी होतं, पण तेही बिचारं शेपूट हलवी. आणि नाशकात राहून राम हा शब्द टाळायचा म्हणजे काय कसरत आहे ते नाशिककरालाच कळेल. रामकुंडाला त्या 'कुंड' म्हणत, रामवाडीला 'पुलापलीकडची वाडी', आणि वर्गात रामू नावाचा मुलगा होता त्याला अख्खं वर्ष 'बाळ' म्हणत. त्याचा बाप भेटायला आला तेव्हा बाईंचा आपल्या पोरावर फार जीव आहे म्हणून त्याचे डोळे भरून आले होते.

आणि मुंबईच्या साहेबांच्या पत्रकातला तिसरा नियम असा होता : शिक्षकानं प्रत्येकाला नावानं हाक मारावी. नंबरानं नाही, बोटानं नाही.

सर त्या दिवशी घरी शीळ घालत आले.

"परवा साहेब येणार," जेवताना ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले. "नियम तीन वाचलास ना?"

"वाचलाय," विमलाबाई म्हणाल्या.

"मग माझं नाव घ्यावं लागेल."

"तुम्ही नंबरावर उठालच की."

"मी? मी नियमानं चालणारा माणूस. नावानं हाक आली तर उठेन. नाहीतर बसून राहीन."

विमलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. पण गाडीच्या खिडकीशी उभं राहून आपल्याला धीर देणारा माणूस तो हाच का, असं काहीसं त्यांत होतं. सरांनी वरणात लक्ष घातलं.

सरांची आई गोजराबाई चुलीशी बसून सगळं ऐकत होती. "मंग घे की गं नाव," ती म्हणाली. "त्यात काय एवढं? उखाण्यात घे. हातात खडू, फळ्यावर कॅट, मोतीरावांचं नाव घेते, डोक्यावर हॅट."

"आत्याबाई, साहेबांपुढं उखाणा?"

"साहेबाची बायको घेत नसंल व्हय उखाणा? त्याबिगर जेवू देतात का कुनी?"

विमलाबाईंना हसू आलं, पण ते घासाबरोबर खाली गेलं. त्या रात्री त्यांनी परसात जाऊन तीनदा तोंड उघडलं. सर दाराआडून बघत होते. तिन्ही वेळा तोंड 'मो'पर्यंत गेलं आणि तिथंच मिटलं. शेजारचं तपकिरी कुत्रं मात्र आशेनं धावत आलं.

साहेब आले. उंच, बारीक, टाय बांधलेले, नाकावर चष्मा आणि हातात कागद. ते शेवटच्या बाकाच्याही मागं खुर्ची टाकून बसले. फकिरा शिपाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा. विमलाबाई त्या दिवशी कोऱ्या पांढऱ्या लुगड्यात आल्या होत्या आणि वही घरी ठेवून आल्या होत्या. एकशे आठ वाक्यं आता वहीत राहिलेलीच नव्हती.

पाठ असा चालला की काय सांगावं. "कारभारी, कम टू द बोर्ड." कारभारी गेले. "यादव, गिव्ह हिम द चॉक." यादवांनी दिला. एकेक नाव, एकेक वाक्य, घड्याळाच्या काट्यासारखं. साहेबांचं पेन कागदावर भराभर चाललं होतं. सर हाताची घडी घालून बसले होते. बाई एकेक ओळ संपवत जवळ येत होत्या, आणि प्रत्येक नावाबरोबर सरांच्या छातीत काहीतरी गोड गोड चावत होतं. अठरा वर्षांत त्यांना कधी वाटलं नव्हतं की आपलं नाव इतकं जड आहे.

यादव सर बसले. पुढचे पगारे सर.

"यू, प्लीज," विमलाबाई म्हणाल्या.

सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर एक चिमणी होती; तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"रोल नंबर सेव्हन्टीन."

चिमणी उडून गेली. सर बसलेलेच.

मागं साहेबांचं पेन थांबलं. ते थांबल्याचं सगळ्या वर्गाला ऐकू आलं. कारभारी सर तोंडावर रुमाल धरून खोकल्यासारखं करू लागले. विमलाबाईंच्या हातातला खडू मोडला आणि एक तुकडा सरांच्या बाकाखाली गेला. सरांना वाटलं, आता म्हणेल. म्हणेल, नाहीतर खाली बसेल. दोन्हींतलं काय व्हावं असं आपल्याला वाटतंय हे मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

विमलाबाईंनी खडूचा उरलेला तुकडा मुठीत घेतला आणि तोंड यादव सरांकडे वळवलं.

"यादव, आस्क हिम हिज नेम."

यादव सर गरीब माणूस. सांगितलं तसं वळले आणि म्हणाले, "व्हॉट इज युअर नेम?"

आता आली पंचाईत. हा प्रश्न म्हणजे इंग्रजीची बाराखडी. पाचवीतलं, काल शाळेत घातलेलं पोर याचं उत्तर देतं. मुंबईच्या साहेबांसमोर, चाळीस शिक्षकांसमोर, बावीस वर्षांच्या लोखंडी इंग्रजीवाल्यानं या प्रश्नावर गप्प बसायचं? लोक म्हणतील, पगारे सरांना एवढंही येत नाही. सरांची मान आपोआप ताठ झाली.

"माय नेम इज मोतीराम," ते म्हणाले. व्याकरण अगदी शुद्ध.

"गुड," विमलाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मोकळा झाला. "क्लास, हू इज ही?"

"ही इज मोतीराम," वर्ग म्हणाला.

"लाउडर, प्लीज. हू इज ही?"

"ही इज मोतीराम!"

"इज ही कारभारी?"

"नो, ही इजण्ट! ही इज मोतीराम!" खोकणाऱ्या कारभारी सरांनाही रुमाल काढून म्हणावं लागलं.

"इज ही यादव?"

"नो, ही इजण्ट! ही इज मोतीराम!"

"वन्स अगेन. ऑल टुगेदर!"

खिडक्या वाजल्या. बाहेर पिंपळावरची पाखरं उठली, आणि पंचवटीपर्यंत लोकांनी वर बघितलं म्हणतात. विमलाबाई ओळीओळीतून फिरत होत्या, हातानं ताल देत होत्या, त्यांचं तोंड उजळलं होतं. एकोणचाळीस तोंडांतून नाव गरजत होतं. चाळिसावं तोंड, विमलाबाईंचं, फक्त विचारत होतं, हू इज ही.

"नाऊ टेल हिम टू स्टँड अप."

"स्टँड अप, मोतीराम!" एकोणचाळीस मास्तर एका आवाजात ओरडले. सर नाही, राव नाही, काही नाही.

नावानं हाक आली तर उठेन, असा सरांचाच शब्द होता. सर उठले.

मागं साहेब खुर्चीवरून उभे राहून टाळ्या वाजवत होते. "मॅडम, हा मुद्दाम गप्प बसणारा विद्यार्थी तुम्ही आधी तयार करून ठेवला होता ना? फार कल्पक! असा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याला कसं बोलतं करायचं, ते आज बघितलं."

विमलाबाईंनी सरांकडे पाहिलं. एका वाक्यात त्यांना उघडं पाडता आलं असतं. "हो, साहेब," त्या म्हणाल्या. "यांनी मदत केली."

दारातला फकिरा शिपाई मात्र तांब्या घेऊन थेट पगाऱ्यांच्या घरी गेला. "गोजरामावशी, घात झाला! बाईंनी साहेबापुढं तुमच्या मोतीरामाला 'ही' केलं. ही मोतीराम, ही मोतीराम म्हणून अख्खा वर्ग वरडतोय!"

"अरे द्येवा," गोजराबाई म्हणाली. "आठरा वर्सं त्याला 'हे' म्हनत हुती. आज 'ही' झाला?" संध्याकाळी सर घरी आले तेव्हा तिनं त्यांची मिशी ओढून खात्री करून घेतली.

नेमणूक झाली, हे सांगायला नको. जीप आली. साहेबांनी तो पाठ जसाच्या तसा लिहून घेतला, सायक्लोस्टाइलवर काढला आणि जिल्ह्यातल्या शाळाशाळांत वाटला. विमलाबाई सटाण्याला गेल्या, नांदगावला गेल्या, हरसूलच्या डोंगरात गेल्या. मागं घरात सर, आई आणि तपकिरी मोती. बातम्या यायच्या त्या जळजळ वाढवणाऱ्या. हरसूलच्या आठवडी बाजारात नाचणी विकणारे मापं टाकताना 'ही इज मोतीराम' म्हणून ताल धरतात. नांदगावच्या स्टेशनात गाडी दोन मिनिटं जास्त थांबते, गार्ड शाळेतला कोरस ऐकत बसतो. सगळा जिल्हा नाव घेतोय, आणि जिनं घ्यावं म्हणून हा उपद्व्याप केला ती महिन्यातून दोनदा घरी येते आणि म्हणते, "अहो, भाकरी वाढू का?"

शेवटी एका शनिवारी सरांना राहवेना. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, एस.टी. धरली आणि सटाण्याला उतरले. कांद्याच्या ट्रकांमधून वाट काढत शाळा गाठली. पाचवीचा वर्ग चालू होता. तिथले मास्तर शिकवत होते आणि मागच्या खुर्चीत विमलाबाई बसून पाठ बघत होत्या. फळ्यावर रंगीत खडूनं एक माणूस काढला होता : गोल गाल, वर टोपी, हाताची घडी, तोंड फुगलेलं. खाली लिहिलं होतं, मोतीराम.

साठ पोरं त्या चित्राकडे बघून बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "ही इज मोतीराम!"

सर दारात उभे राहिले. पोरं गप्प झाली. मास्तरांनी नमस्कार केला. सरांनी छाती काढली आणि न्हाणीघरात घोकलेलं नव्हतं तरी सहज आलं, "गुड मॉर्निंग. माय नेम इज मोतीराम."

साठ पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एका सुरात उत्तर आलं, "नो, ही इजण्ट!"

"अरे, मीच मोतीराम!"

"नई बा," पुढच्या बाकावरची एक चिमुरडी समजावत म्हणाली, "तुम्ही नई. मोतीराम तठे शे," आणि तिनं फळ्याकडे बोट केलं.

सरांनी विमलाबाईंकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. विमलाबाईंचे ओठ हलले, 'मो'पर्यंत गेले आणि मिटले. त्यांनी पदर तोंडाला लावला. डोळे हसत होते.

आतापर्यंत सरांनी बायकोचा हेवा केला होता, निळ्या वहीचा केला होता, कोंबड्याचाही केला होता. आता त्या फुगल्या गालांच्या खडूच्या माणसाचा हेवा त्यांच्या मस्तकात गेला. ते तडक फळ्याकडे निघाले.

"ही इज गोइंग टू द बोर्ड!" साठ पोरं ओरडली.

सर दचकून थांबले.

"ही इज स्टँडिंग!"

सरांनी डस्टर उचललं.

"ही इज टेकिंग द डस्टर!"

हात वर गेला आणि तिथंच राहिला. मागं श्वास रोखलेला वर्ग होता. सरांनी हळूच मान वळवून पाहिलं. साठ तोंडं उघडी, एकशे वीस डोळे त्यांच्या हातावर, आता हा माणूस काय करतो आणि आपण ते कसं म्हणायचं या तयारीत. बावीस वर्षांत त्यांच्या हाताकडे वर्गानं फक्त छडीसाठी पाहिलं होतं. सरांनी डस्टर डाव्या हातात घेतलं. पोरांनी ते सांगितलं. उजव्या हातानं खडू उचलला. पोरांनी तेही सांगितलं. सरांनी एक पाय वर केला, नुसती परीक्षा म्हणून. पोरांनी तोही सोडला नाही. मग सरांनी चित्रातल्या माणसाच्या फुगल्या तोंडावर, नाकाखाली, सावकाश, आपल्यासारखी मिशी काढली. मिशीला इंग्रजीत काय म्हणतात ते पोरांना येत नव्हतं. सरांनी सांगितलं, एकदा, आणि म्हणाले, "वन्स अगेन." वर्ग म्हणाला. "ऑल टुगेदर!" वर्गाचं छप्पर उडालं, कौलं दुसऱ्या दिवशी तीन मळे ओलांडून सापडली.

मग सरांनी थांबून विचारलं, "एनी क्वेश्चन्स?" साठ हात वर झाले.

मागच्या खुर्चीत विमलाबाईंनी पदर तोंडावरून कधीच काढला होता. हसू गेलं होतं. त्यांनी घड्याळात पाहिलं, वर्गाकडे पाहिलं, कुणीच आपल्याकडे वळून बघत नाही हे पाहिलं, आणि त्या उठून फळ्यापाशी आल्या.

"दॅट विल डू," त्या जरा तुटकपणे म्हणाल्या आणि हात पुढे केला. "नाऊ इट इज माय टर्न."

सरांनी खडू दिला नाही.